मुंबईत लोकांना निसर्ग दाखवणारे, अनुभव लिहा

मंडळी, मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आणि इकडेतिकडे लोकांना फिरवतो. गेटवरच पहिला प्रश्न येतो, बिबट्या दिसेल का. 'नाही' म्हटलं की निम्मे चेहरे पडतात. आता माझं मत असं झालंय की माणूस जंगलात कमी आणि घराजवळच्या गोष्टीत जास्त लवकर गुंततो, शिलोंढ्याच्या वाटेवर घसा कोरडा करून जे जमत नाही ते कुंडीतल्या रोपाने जमतं. शाळेत, सोसायटीत, किनाऱ्यावर असलं काही करत असाल तर लिहा. काय जमलं, कशाने डोकं फिरलं, सगळं चालेल.

मुलुंड
कुंडीचं शंभर टक्के बरोबर. आमच्या मजल्यावरच्या काकू कढीपत्त्यावर चिमण्या घाण करतात म्हणून वैतागलेल्या. बघितलं तर कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या, लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि नंतर हिरव्या होतात. मोठ्या अळीला काडीने हळूच टोचलं तर डोक्यामागून लालभडक दोन शिंगं बाहेर आणि उग्र वास, काकू थेट किचनमध्ये! मग रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, कोष झाला, फुलपाखरू उडालं. आता पोह्यांना कढीपत्ता बाजारातून आणतात, कुंडीतला 'त्यांचा' आहे म्हणे.

वरळी
मी कोळीवाड्यातला. हाजी अलीच्या खडकांवर लोकांना नेतो तेव्हा सगळे भरतीची वेळ बघायला मोबाईल काढतात, मी सांगतो कालनिर्णय बघा, तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती, सहाला पाणी पार आत जातं, तेव्हाच यायचं. थोडं पुढेमागे होतं पण पोरांना घरी जाऊन हे करून बघायला भारी आवडतं. एकाच्या आजीने संकष्टीला मला फोन केला, आज तीनला ना? खडकावरचे झोअँथिड म्हणजे शेवाळ नाही, प्राणी आहेत हे पटवायला मात्र जाम वेळ लागतो.

चेंबूर
शाळेत शिकवते. थोडी असहमत आहे, काही गोष्टींना जंगलच लागतं. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, नॅशनल पार्कात २०१६ ला आणि मग २०२४ ला. सातवीच्या मुलांना घेऊन गेले होते, एक मुलगी म्हणाली मिस पुढच्या वेळी मी कॉलेजात असेन. कुंडीत कुठून येणार हे?

दादर
डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे ब्लूटूथ स्पीकरवर पक्ष्यांचे कॉल वाजवणारे फोटोवाले. विणीच्या दिवसात नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, तो बिचारा घरटं सोडून भांडायला येतो आणि ह्यांचा फोटो होतो. माझ्या ग्रुपमध्ये कोणी स्पीकर काढला की मी सरळ परत पाठवते, वाईटपणा घ्यायला लागला तरी चालेल.

गोरेगाव
आरेतल्या पाड्यावरच्या मावशी पावसाळ्यात टाकळा, कुर्डू असल्या भाज्या मला दाखवतात, मी त्यांनाच वॉक घ्यायला सांगतो. पण मानधन द्यायचं! सहभागींकडून फी घ्यायची आणि मावशींना चहा-बिस्किटावर वाटेला लावायचं हे बरेच ठिकाणी बघितलंय, फार राग येतो.

माहीम
आमच्या इथलं नेचर पार्क आधी डम्पिंग ग्राउंड होतं हे सांगितलं की मुलांपेक्षा पालकच जास्त चकित होतात. बाकी पालकांबद्दल न बोललेलं बरं.

ठाकुर्ली, पण नोकरी फोर्टला
आमच्या सोसायटीला पर्यावरण दिन जोरात करायचाय, सेल्फी पॉइंटसकट, आणि त्याच आठवड्यात झाडांवर पेस्ट कंट्रोल. कमिटीला कसं सांगू?

धागाकर्ता
ठाकुर्लीकर, फवारणी कुंड्या आणि झाडं सोडून करा असं एक पत्र आमच्या कमिटीला दिलं होतं, चाललं. विपूतून (इथल्या निरोपातून) पाठवतो, नाव बदलून द्या.