बाटली शिल्लक असताना मेलेल्यांचा धागा

परवा रात्री एल्डन रिंग या गेममध्ये मार्गिट नावाच्या बॉसने (मोठ्या शत्रूने) मला अठराव्यांदा आडवं केलं. स्क्रीनवर मेल्याची पाटी आली तेव्हा डाव्या कोपऱ्यात आयुष्य भरणाऱ्या लाल बाटलीवर आकडा होता ३. मागे पलंगावर मोबाइल चाळत बसलेली बहीण मान वर न करता म्हणाली, "नुसती घेऊन फिरतोस, पीत का नाहीस?"

उत्तर सुचलं नाही, म्हणून धागा काढतोय. सोल्स, ब्लडबोर्न, सेकिरो, होलो नाइट, जो गेम तुम्हाला छळतो त्यात आयुष्य आणि औषध कसं सांभाळता, कुठे मातीत घातलंत, ते सविस्तर लिहा. "गिट गुड" (म्हणजे "आधी नीट खेळायला शीक") एवढंच लिहायचं असेल तर कृपया पुढच्या धाग्यावर जा.

सुरुवात माझ्यापासून. माझा रोग म्हणजे दोनदा दाबणं. अर्धं आयुष्य एका फटक्यात गेलं की अंगठा चौकोनाच्या बटणावर टकटक करतो. गेम दुसरं दाबणंही लक्षात ठेवतो. पहिला घोट संपला, आता लोळून बाजूला व्हायचं, तर आमचा गडी पुन्हा बाटली तोंडाला लावून उभा, आणि वरून हातोडा. त्यात लांब पळून प्यावं तर मार्गिट तिथून सुरा फेकतो. सुरक्षित अंतर नावाची गोष्टच ठेवलेली नाही मेल्याने.

*

कपबशी

तुमची बहीण शहाणी आहे.

मी पन्नाशीजवळची, मुलामुळे या नादाला लागले. आमच्या घरी चांगल्या कपबश्या कपाटात आणि चहा दांडी तुटलेल्या कपात, अशी रीत. तीच मी एल्डन रिंगमध्ये नेली. झाडांपाशी सोनेरी बिया मिळायच्या, चर्चमध्ये पवित्र अश्रू मिळायचे, आणि मी सगळं पिशवीत जपून. पुढे कधीतरी लागेल! चाळीस तास मी सुरुवातीच्या चार बाटल्यांवर काढले, तीन लाल आणि एक निळी, जादूसाठीची. जादू मला येत नाही, तरी निळी घेऊन फिरत होते.

एकदा मुलाने माझी पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. "आई, ग्रेसपाशी बसून हे बाटलीत घालायचं असतं गं!" ग्रेस म्हणजे तिथली विसाव्याची जागा. बी घातली की घोटांची संख्या वाढते, अश्रू घातला की एका घोटात जास्त आयुष्य भरतं. निळीची लालही तिथेच करून घेता येते. एका बैठकीत माझ्याकडे आठ लाल बाटल्या झाल्या. नंतर कळलं, सगळं मिळून चौदापर्यंत जातं.

कपबश्या मात्र अजून कपाटातच आहेत.

*

रात्रपाळी

ब्लडबोर्न. तिथे बाटली आपोआप भरत नाही, हे आधी डोक्यात घ्या. रक्ताच्या कुप्या (तिथलं औषध) जवळ वीसच ठेवता येतात, बाकीच्या कोठारात. मेलात की कोठारातून पुन्हा वीस हातात येतात. कोठार आटलं की संपलं.

माझं कोठार फादर गॅस्कॉइन या बॉसपाशी आटलं. मग काय, मध्य यारनामच्या त्याच गल्लीत जायचं, शेकोटीभोवतीचा तोच जमाव मारायचा, कुप्या गोळा करायच्या, परत यायचं, पाच मिनिटांत सगळ्या उडवायच्या. मी मूळचा दुष्काळी पट्ट्यातला. दोन हंड्यांसाठी लहानपणी किती खेपा मारल्यात ते आठवलं. गेममध्येही खेपाच नशिबी.

सुटका झाली ती दुसऱ्याच गोष्टीने. ब्लडबोर्नमध्ये मार बसला की गेलेलं आयुष्य लगेच पुसलं जात नाही. पट्टीवर थोडा वेळ वेगळ्या रंगात दिसत राहतं, आणि तेवढ्यात उलट वार केलात तर त्यातलं बरंचसं परत मिळतं. डार्क सोल्समधून आलेला माणूस मार बसला की मागे सरतो, कारण तीच सवय. इथे मागे सरलात की ते आयुष्य गेलंच, वर कुपीही जाते. मी दात-ओठ खाऊन पुढे घुसायला लागलो, तसा कुप्यांचा खर्च निम्म्यावर आला. गॅस्कॉइन मेला तेव्हा चार उरल्या होत्या. मेजवानी दिल्यासारखं वाटलं मला.

*

जुना गडी

तुम्ही पोरं नशीबवान. २००९ च्या डीमन्स सोल्समध्ये बाटलीच नव्हती, गवत होतं. एकेका जातीचं ९९ पर्यंत बाळगता यायचं. मी शेळीसारखा चरत बॉस मारले. जिंकलो, पण शिकलो काही नाही. २०११ ला डार्क सोल्स आला आणि हातात एस्टसचे, म्हणजे बाटलीतल्या औषधाचे, पाच घोट ठेवले. शेकोटीपाशी बसा, भरून घ्या; पण बसलात की मारलेले शत्रूही उठून उभे. मानवता नावाची गेममधली वस्तू खर्चून शेकोटी पेटवली की पाचाचे दहा. कॅटाकोम्ब्जमधल्या पिनव्हील या बॉसला मारून शेकोटी आणखी पेटवायचा विधी मिळवला की त्याच्याही पुढे, वीसपर्यंत. आणि पिताना पाय जागचे हलत नाहीत बरं का. कुठे उभं राहून प्यायचं हे आधी ठरवायला मी तिथे शिकलो. खांबाआड, दाराच्या बाहेर, जिन्याच्या वळणावर.

*

संत्रानगरी

सेकिरोवाला कोणीच नाही का बे? तिथे तर पिण्याचीच शिक्षा आहे भाऊ. भोपळ्यातलं औषध घ्यायला लांब पळालो की तेवढ्या वेळात समोरच्याचा तोल पुन्हा सावरते. अन् तोलाची पट्टी भरली की मगच तो पडते. मी गेनिचिरो या बॉसचा तोल पार काठावर आणायचो, मग घाबरून पळायचो, औषध प्यायचो, अन् पाहतो तर पट्टी रिकामी. पुन्हा शून्यापासून. वरून पिताना बाण सोडते तो!

शेवटी मी ठरवलं, अर्ध्याच्या खाली गेल्याशिवाय भोपळ्याला हात नाही. तलवारीवर तलवार घेत राहिलो. ज्या रात्री तो पडला त्या रात्री दोनदाच प्यायलो. भोपळ्याच्या बिया एमा वैद्यबाईला नेऊन द्या, दहापर्यंत घोट होतात, पण माझं खरं काम त्या पळण्याच्या सवयीने अडवलं होतं.

*

बिनग्राफिक्सकार्डाचा

हॉस्टेल, जुना लॅपटॉप, म्हणून होलो नाइट. हिशेब सरळ आहे: खिळ्याच्या (तिथल्या तलवारीच्या) एका वाराला ११ आत्मा, एक मुखवटा (आयुष्याचा एक घटक) भरायला ३३. म्हणजे तीन वार, एक औषध. भांडं ९९ चं. लढताना औषध बाहेर कुठे नसतंच, ते शत्रूच्याच अंगातून काढायचं.

अडचण अशी की भरताना स्थिर उभं राहावं लागतं. मँटिस लॉर्ड्स या बॉसपाशी मी आत्मा भरलेला असूनही मरायचो, कारण भरायला जागाच सापडेना. रूममेट शेजारी बसून त्यांच्या हालचाली मोठ्याने म्हणायला लागला: "भाला... वरून... चक्र... आता!" त्या "आता"ला मी बटण धरायचो. मेसचं जेवण दोनदा चुकलं, पण जमलं. सालुब्रा दुकानदारणीकडचं क्विक फोकस (लवकर भरू देणारा ताईत) ८०० जिओला, म्हणजे तिथल्या नाण्यांना, आहे, आधी घेतलं असतं तर जेवलो असतो.

(याच्या पुढच्या गेममध्ये, सिल्कसाँगमध्ये, एकदम तीन मुखवटे भरतात, आणि हवेतही. सुख वाटेल, पण तिथले कित्येक जण एका फटक्यात दोन काढतात.)

*

स्पष्टवक्ता

व्हिगर (आयुष्याची पट्टी वाढवणारा आकडा) किती आहे ते कोणी लिहीतच नाही. सगळे ताकद वाढवतात आणि मग बाटल्यांना रडतात. एल्डन रिंगमध्ये आधी चाळीस करा, मग बोला.

*

कपबशी

माझा बारा होता. आत्ताच पाहिलं.

*

धागाकर्ता

माझा अठरा. बहिणीला सांगू नका.

"आता!" ओरडणारा रूममेट आवडला, म्हणून काल बहिणीलाच मागे बसवलं. मार्गिटच्या काठीचा तो लांबलेला शेवटचा फटका जमिनीवर आपटला की तिने "पी" म्हणायचं. त्या फटीत मी आजवर हावरटासारखा एक वार मारायचो. आता वार सोडला आणि घोट घेतला, एकदाच दाबून, अंगठा उचलून. चार वेळा जमलं. पाचव्यांदा तिला फोन आला.

मेलो. शिल्लक: १. रविवारी पुन्हा बसतो, तिचा फोन स्वयंपाकघरात ठेवून.