शामोनीत जूनच्या शेवटी सहा दिवस: पळायला कुठल्या वाटा घ्याव्यात?

सिंहगडवारी
मंडळी मदत हवी आहे. २० ते २६ जून मी आणि नवरा फ्रान्समधल्या शामोनीला आहोत, तिकिटं झाली, राहायचं गावातच आहे. रेस वगैरे काही नाही, नुसतं पळायचंय, आल्प्स पहिल्यांदाच बघणार. सराव म्हणाल तर दर रविवारी आतकरवाडीकडून सिंहगड दोनदा चढते-उतरते, कात्रज ते सिंहगड तीनदा झालंय. घसाऱ्यावरून उतरायची सवय आहे, पण बर्फावर आजपर्यंत पाऊल ठेवलेलं नाही. मॅप उघडला की इतक्या वाटा दिसतात की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. रोज २० किमीचं टार्गेट ठेवलं तर झेपेल का? नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याला सपाटीवर चालता येतं पण उतार अजिबात नको, तर मी पळत वर जायचं आणि त्याने रोपवेने यायचं असं जमेल का कुठे? आणि माँ ब्लाँ शिखराभोवती जी प्रदक्षिणेची वाट आहे तिचा थोडा तरी तुकडा करायची फार इच्छा आहे.

जिनिव्हाकर
मी नऊ वर्षं जिनिव्हात आहे, शामोनी गाडीने तासाभरावर, त्यामुळे उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. सगळ्यात आधी ते २० किमी डोक्यातून काढून टाका. तिथे किलोमीटर कोणी मोजत नाही, चढ मोजतात. पाट्यांवरही अंतर नसतं, चालायचा वेळ लिहिलेला असतो, तुमच्यासारख्या सराव असलेल्याला त्याच्या साधारण दोन तृतीयांश वेळ धरायला हरकत नाही. आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे साधारण ६०० मीटर चढ ना, शामोनी गाव आहे १०३५ मीटरवर आणि समोरच्या ब्रेव्हाँ शिखराच्या बाजूचं प्लाँप्राझ हे रोपवेचं स्टेशन २००० वर, म्हणजे गावातून निघून पहिल्या टप्प्यापर्यंतच जवळजवळ हजार मीटर आणि तेही चारेक किलोमीटरमध्ये. तिथे माणूस पळत नाही, मांडीवर हात रोवून चढतो.

दुसरं म्हणजे बाजू नीट समजून घ्या, मग मॅप आपोआप सोपा होतो. दरीच्या एका अंगाला माँ ब्लाँ आणि सगळ्या हिमनद्या, समोरच्या अंगाला एग्वी रूजची रांग. या समोरच्या रांगेला दिवसभर ऊन मिळतं म्हणून तिथला बर्फ आधी वितळतो, आणि माँ ब्लाँ दिसतोही तिथूनच, कारण तुम्ही त्याच्या समोर असता. जूनमध्ये जास्त दिवस याच बाजूला काढा.

पहिल्या दिवशी पेती बाल्काँ स्यूद घ्या, खालच्या जंगलातली वाट आहे, दरीला समांतर जाते, चढउतार आहेत पण जीव काढणारे नाहीत, प्रवासाचे पाय मोकळे होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ग्रां बाल्काँ स्यूद, म्हणजे प्लाँप्राझ ते ला फ्लेजेर. सहाएक किलोमीटर, १९०० ते २००० मीटरच्या आसपास, खरी पळण्यासारखी मळलेली वाट, आणि पूर्ण वेळ उजव्या हाताला माँ ब्लाँ. तुमच्या नवऱ्याचं कामही इथेच होतं, तुम्ही गावातून प्लाँप्राझला चढा, ते गोंडोल्याने येतील, एकत्र कॉफी घ्या, मग ते गोंडोल्यानेच खाली आणि तुम्ही फ्लेजेरकडे. आणि ही वाट प्रदक्षिणेचाच भाग आहे, तेव्हा तो तुकडाही झाला.

फ्लेजेरवरून गावात पळतच उतरा, ८४० मीटर उतार आहे. यूटीएमबी म्हणजे माँ ब्लाँभोवतीच्या मोठ्या शर्यतीचे लोक रात्रभर, कोणी दोन रात्री पळून, १७० किमीच्या वर अंतर कापून शेवटी याच उतारावरून गावात येतात. वाटेत फ्लोरिआ नावाचं लाकडी घर लागतं, सगळं फुलांनी भरलेलं, तिथे दोन मिनिटं थांबा. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या, तरी तिथून पुढे पाय आपोआप पळायला लागले.

रानवाट
वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त बर्फाबद्दल लिहिते कारण मला त्याची अद्दल घडली आहे. दोन वर्षांपूर्वी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फ्लेजेरहून लाक ब्लाँला निघाले होते. तळं २३५२ मीटरवर आहे, फ्लेजेरहून पावणेपाचशे मीटर चढ, फोटो बघून सगळ्यांनाच जावंसं वाटतं. २२०० च्या पुढे वाटेवर बर्फाचा एक आडवा पट्टा होता, जेमतेम पंधरा-वीस पावलांचा. सकाळचे आठ वाजलेले, वरचा थर काचेसारखा कडक, माझ्या बुटाच्या तळाचे खिळे त्यात रुततच नव्हते. चौथ्या पावलाला पाय सुटला आणि मी पाठीवर घसरत गेले, खाली दगड होते त्यांना पाय लावून थांबले. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली गेली, बाकी काही झालं नाही, पण ते दगड नसते तर काय झालं असतं हे अजून रात्री आठवतं. दुपारी त्याच बर्फाचा नुसता चिखल होतो, मग पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, म्हणजे तेव्हाही पळता येत नाहीच.

म्हणून अगदी कळकळीने सांगते, निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या चर्चशेजारी डोंगराची माहिती देणारं ऑफिस आहे तिथे जा आणि कुठली वाट मोकळी आहे ते विचारा, मॅपवरून किंवा गेल्या वर्षीच्या व्हिडिओवरून ठरवू नका. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर चढवायचे छोटे लोखंडी दाते, जवळ असू देत. आणि पट्टा उतारावर असेल, खाली काय आहे ते दिसत नसेल, तर सरळ मागे फिरा.

जिनिव्हाकर
@रानवाट हे लिहिलंत ते फार बरं झालं. त्याच कारणाने ग्रां बाल्काँ नोर मी आधी सुचवलं नव्हतं. प्लाँ दे लेग्वी, म्हणजे एग्वी द्यु मिदी रोपवेचं मधलं स्टेशन, २३१७ मीटरवर, तिथून माँताँव्हेरपर्यंत ती वाट जाते आणि खाली मेर दे ग्लास हिमनदी दिसते. वाट सुंदर आहे पण उत्तरेकडची, घळींमध्ये बर्फ उशिरापर्यंत टिकतो. मोकळी आहे असं कळलं तरच जा. माँताँव्हेरला मात्र नवऱ्याला घेऊन जाच, १९०९ पासून तिथे दातेरी रुळांची रेल्वे जाते, एक पाऊलही उतरावं लागत नाही. वरून हिमनदीकडे बघितलं की ती किती खाली गेली आहे ते समजतं, पायऱ्यांवर पूर्वी बर्फ कुठवर होता त्या वर्षांच्या पाट्या लावल्यात, १९९० ची पाटी वाचून खाली बघितलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला होता.

पायवाट_ठाणे
आणखी एक दिवस ल तूरला द्या. दरीच्या टोकाचं गाव, १४५३ मीटर. तिथून एग्वियेत दे पोझेतवर चढायचं, २२०१ मीटर, मग धारेवरून उतरून परत चढून कोल द बाल्मच्या खिंडीत आणि तिथून खाली ल तूर. बाराएक किलोमीटर, चढ साडेनऊशेच्या आसपास. जूनच्या शेवटी धारेवर गुलाबी रोडोडेंड्रॉन फुललेले असतात. कोल द बाल्म ही फ्रान्स-स्वित्झर्लंडची हद्द, तिथे फोन स्विस नेटवर्क पकडतो, पॅकमध्ये तो देश नसेल तर रोमिंग आधीच बंद करा.

हॉटेलवाल्याकडून गेस्ट कार्ड मागून घ्या, दरीतल्या बस आणि रेल्वेला कामी येतं. मुक्कामाचं बुकिंग परत एकदा तपासा, जूनच्या शेवटच्या वीकेंडला माँ ब्लाँ मॅरेथॉन असते आणि गाव खच्चून भरतं.

सिंहगडवारी
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, रानवाट ताई तुमचा अनुभव नवऱ्याला वाचून दाखवला, स्पाइक्स आजच मागवले. रोजचे २० किमी रद्द, आता १००० मीटर चढ आणि चार तास एवढंच धरलंय. एक शेवटचं, मॅपवर त्रे ल शाँपहून वर जाणाऱ्या वाटेवर शिड्या दाखवतायत, त्या कशा आहेत?

रानवाट
अगं लोखंडी शिड्या आहेत, कातळात पक्क्या ठोकलेल्या, मध्ये मध्ये पकडायला गज. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने गेली असशील तर भीती वाटणार नाही, पण दृष्टिभय आहे आणि तिथे समोरून माणसं येत असतात, थांबावं लागतं. चढताना घे, उतरताना अजिबात नको, ओल्यात तर दोन्हीकडून नको. नकोच वाटलं तर कोल दे माँतेहून नागमोडी वाट आहे, ती शिड्यांना वळसा घालून तेत ओ व्हाँला वर मिळते.

आणि सकाळी सहालाच बाहेर पड. दुपारनंतर तिथे ढग फार लवकर जमतात, आणि धारेवर विजा म्हणजे पळायलाही जागा नसते. पावसाळी जॅकेट, शिट्टी, चांदीच्या रंगाचं ते पातळ ब्लँकेट आणि फोनमध्ये ११२, चार तासांसाठी गेलीस तरी हे बरोबर असू दे. इन्शुरन्समध्ये डोंगरातलं रेस्क्यू आहे का तेही बघ, स्विस हद्दीत गेलीस तर हेलिकॉप्टरचं बिल येतं. परत आलीस की इथे लिही, वाटेवर बर्फ किती होता ते पुढच्या जूनमध्ये जाणाऱ्यांना हवं असेल.