दोन ग्रॅमची रेघ: अंमली पदार्थ जवळ सापडला तर शिक्षा नुसत्या वजनावर ठरावी का?

साताऱ्याचा मामा
माझा भाचा, वय २१, गेल्या पावसाळ्यात एमडीच्या (मेफेड्रोन या अंमली पदार्थाच्या) पुडीसह सापडला. पंचनाम्यात वजन लिहिलंय २.३ ग्रॅम, प्लॅस्टिकच्या पुडीसकट. एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्यात मेफेड्रोनची ‘अल्प मात्रा’ २ ग्रॅमपर्यंत. तेवढ्यात बसला असता तर फार तर एक वर्ष कैद, किंवा १० हजार दंड, किंवा दोन्ही. वरच्या ०.३ ग्रॅमने कमाल शिक्षा १० वर्षांवर गेली! त्यात सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालापासून भेसळही वजनात धरतात. म्हणजे विकणाऱ्याने पावडर जितकी वाढवली तितका घेणारा जास्त अडकणार. स्वतःपुरतं बाळगणाऱ्या पोराला तुरुंगात घालूच नये, थेट उपचाराला पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोदाकाठ
दादा, तुमच्या घरावर काय गुदरलंय ते कळतं, तरी पटत नाही. आमच्या नाशिकजवळ शिंदे गावात २०२३ मध्ये एमडीचा कारखानाच सापडला. आमच्या गल्लीत विकणारी पोरं खिशात एका वेळी एकच पुडी ठेवतात, बाकीचा माल दुचाकीच्या डिकीत. पकडलं की ‘स्वतःसाठी घेतली’. तुरुंगाची भीतीच काढून टाकलीत तर त्यांना रान मोकळं. आणि भेसळीचं म्हणाल तर पोरांच्या नाकात ती भेसळीसकटच जाते ना? माझा मुलगा बारावीला आहे. क्लासहून यायला उशीर झाला की मी गॅलरीतून हलत नाही.

काळा कोट
मामा, आधी एक गोष्ट करा. हिरा सिंगमधली भेसळ म्हणजे पावडरीत मिसळलेला पदार्थ. पुडीचं प्लॅस्टिक त्यात येत नाही, निव्वळ वजनच धरायचं असतं. तेव्हा वकिलांना सीए रिपोर्टमधलं, म्हणजे प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणी अहवालातलं, निव्वळ वजन बघायला सांगा. ते २ ग्रॅमच्या आत निघालं तर कलम ६४अ आहे: अल्प मात्रेच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात पूर्ण उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. हे कलम कायद्यात असूनही घरच्यांना ते वेळेवर कुणी सांगत नाही, याचा मला खरा राग येतो.

गोदाकाठ
६४अ मला माहीत नव्हतं. ते असू दे, चांगलंच आहे. पण व्यसनी कोण आणि विकणारा कोण, हे ठरवणार कसं? आमच्याकडचे विकणारे स्वतःही ओढतात.

साताऱ्याचा मामा
ताई, विकणाऱ्याला सोडा असं मी म्हणतच नाही. त्याच्याकडे छोटा वजनकाटा सापडतो, रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा सापडतो, फोनमध्ये हिशेब असतो. ते पुराव्यात दाखवा आणि खुशाल १० वर्षं द्या. भाच्याच्या झडतीत ती एक पुडी, कॉलेजचं ओळखपत्र आणि एसटीचा पास, एवढंच लिहिलंय. हा फरक पंचनाम्यात दिसतो, मग शिक्षेत का दिसू नये?

वकीलसाहेब, सीए रिपोर्ट अजून आलेला नाही. उद्याच वकिलांना भेटतो. बहिणीला आत्ता फोन करून ६४अ सांगितलं, ती वहीत लिहून घेत होती.