कॅम्पमधला थायरॉईड (बी विंग ग्रुप)

देशपांडे काकू २०३: रविवारच्या कॅम्पचे रिपोर्ट आले का कुणाचे? आमच्या ह्यांचा टीएसएच ६.८ आलाय, लाल अक्षरात. लॅबच्या मुलीचा फोनही येऊन गेला, गोळी सुरू करावी लागेल म्हणाली आणि लगेच पॅकेज सांगायला लागली. हे ७८ चे, कालपासून गुगल करतायत आणि म्हणतात बघ म्हणूनच मला थकवा येतो 😓

सावंत काका ५०१: माझा ५.९. गोळी चालू असून!! पाण्यातच काहीतरी आहे, टाकी कधी धुतली विचारा सेक्रेटरींना

सेक्रेटरी १०२: काका टाकी मागच्याच महिन्यात धुतली, फोटो टाकलेत वर

नीताताई ४०४: रात्री धणे भिजत घाला, सकाळी ते पाणी अनशापोटी. २१ दिवसात थायरॉईड मुळापासून. फॉरवर्डेड आहे पण माझ्या नणंदेला फरक पडला

डॉ. मृणाल ३०२: नीताताई धण्याचं पाणी खुशाल प्या, थायरॉईडला त्याने काही होत नाही. काकू घाबरू नका हो. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ते सोडते मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी, थायरॉईड जरा मंदावली की ती वरून जास्त ओरडते, मग आकडा चढतो. आणि वयाप्रमाणे तो तसाही थोडा वर सरकतो, पण लॅबवाले २५ च्या पोराला आणि ७८ च्या काकांना तीच साडेचारची रेघ लावतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत थायरॉईडचा आजार नसलेल्या ऐंशीच्या पुढच्यांची वरची मर्यादा साडेसातच्या आसपास निघाली होती. फ्री टी४, म्हणजे थायरॉईड स्वतः सोडते ते हार्मोन, किती आहे?

देशपांडे काकू २०३: ते कुठेच नाही गं, नुसता टीएसएच, साखर, कोलेस्टेरॉल

डॉ. मृणाल ३०२: हेच तर, अर्ध्या रिपोर्टवर गोळी विकतायत. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ एकत्र करा. टीएसएच १० च्या वर गेला किंवा टी४ कमी आला तर गोळीचा विचार. २०१७ मध्ये युरोपात ट्रस्ट नावाचा अभ्यास झाला, ६५ च्या पुढचे ७३७ जण, टीएसएच थोडा वाढलेला पण टी४ नॉर्मल, निम्म्यांना थायरॉक्सिन (हीच ती थायरॉईडची गोळी) आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी, वर्षभराने थकव्यात काही फरक नाही. उलट या वयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं विरळ होतात. काका मेटफॉर्मिन घेतात ना?

देशपांडे काकू २०३: हो शुगरची ना, कितीतरी वर्षं

डॉ. मृणाल ३०२: मग थकव्यासाठी आधी बी१२ आणि हिमोग्लोबिन बघा. मेटफॉर्मिनने बी१२ कमी होतं, त्यात तुम्ही शाकाहारी

सावंत काका ५०१: म्हणजे मी पण गोळी बंद करू?

डॉ. मृणाल ३०२: अजिबात नाही काका!! तुम्हाला कशासाठी सुरू केली ते तुमच्या डॉक्टरांना माहीत, त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. घेता कशी ते सांगा

सावंत काका ५०१: सहाला चहाबरोबर. डबीत सकाळचा खण आहे त्यात बीपीची, थायरॉईडची आणि ती मोठी पांढरी कॅल्शियमची, तिन्ही एकदम टाकतो तोंडात, कटकट नको

डॉ. मृणाल ३०२: अहो काका 🙆‍♀️ कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतं, अंगात जाऊच देत नाही. लोहाची गोळीही तशीच, दोन्हींपासून चार तासांचं अंतर पाहिजे. थायरॉईडची एकटी, साध्या पाण्याबरोबर, रिकाम्यापोटी, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने. तसं सहा-आठ आठवडे घ्या मग टेस्ट करा, डोस वाढवायची घाई नको

नीताताई ४०४: माझा नॉर्मल आला 😊 केसांसाठी बायोटिन चालू आहे, त्याचा काही संबंध नाही ना?

डॉ. मृणाल ३०२: आहे की. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवायचं आणि लॅबला सांगायचं

नीताताई ४०४: कॅम्पमध्ये कुणी विचारलंच नाही हे

सेक्रेटरी १०२: पुढच्या वेळी त्यांना बोलवायचं की नाही ते मीटिंगमध्ये ठरवू. आणि उद्या ११ ते १ लिफ्टचं काम आहे

सावंत काका ५०१: कॅल्शियम रात्री जेवणानंतरच्या खणात टाकली. पण चहा सहाचा सातवर गेला हे हिला तूच येऊन सांग बाई