साडेतीन वर्षांची लेक पांढरं सोडून काही खातच नाही

कोथरूडची आई:
नमस्कार, लेक साडेतीन वर्षांची आहे. वरणभात, दहीभात, तूपसाखर पोळी, दूध आणि बिस्किटं एवढंच चालतं. वरणात कोथिंबिरीचं एक पान सापडलं तरी ताट ढकलते. दीड वर्षाची असताना गाजर, पालक सगळं खायची हो, मग अचानक काय झालं? पालक वाटून कणकेत घातला तर हिरवी पोळी बघूनच रडायला लागली आणि आता साधी पोळीसुद्धा उलटसुलट करून बघते. काऊचा घास चिऊचा घास करून झालं, शेवटी मोबाइल लावून भरवते आणि मग रात्री मलाच वाईट वाटत राहतं. साबा (सासूबाई) म्हणतात उपाशी ठेव, आपोआप खाईल, पण माझ्याच्याने ते होत नाही. वजन १३ किलो, डॉक्टर ठीक म्हणालेत. तुम्ही काय केलंत प्लीज सांगा.

डोंबिवलीकर:
आधी सांग, दूध किती पिते?

कोथरूडची आई:
सकाळी एक ग्लास, दुपारी झोपून उठल्यावर एक, आणि रात्री जेवली नाही म्हणून परत एक मोठा.

डोंबिवलीकर:
मग तिला भूक लागणार कधी! माझ्या मुलाचं सेम होतं. दुधाने पोट भरतं पण दुधात लोह जवळपास नसतंच, त्याचं हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. आमच्या डॉक्टरांनी दिवसाला दोन कप, म्हणजे ४००-५०० मिली, त्यावर नाही असं सांगितलं. पहिले चार दिवस रडारड झाली, पण रात्रीचं दूध बंद केल्यावर सकाळी स्वतःहून पोहे मागितले. उपाशी ठेवू नकोस गं, फक्त मधलं दूध आणि बिस्किटं काढ.

बालवाडीताई:
मी बालवाडीत शिकवते. साधारण दोन ते सहा वर्षांत नवीन पदार्थाची भीती वाटणं अगदी कॉमन आहे, आधी खाल्लेलंही नाकारतात, तुमचं काही चुकलेलं नाही. एखादी भाजी मूल स्वीकारायला १०-१५ वेळा समोर यावी लागते, कधी जास्तही, आपण तिसऱ्या-चौथ्या वेळीच नाद सोडतो. तिच्या आवडीच्या भाताशेजारी एकच मटार ठेवा आणि "खा" म्हणू नका. हात लावला, वास घेतला, चाटून थुंकलं तरी चालेल. काय द्यायचं आणि कधी ते तुम्ही ठरवा, खायचं का आणि किती ते तिला ठरवू द्या. लपवून घालणं मात्र थांबवा, एकदा पकडलं की पोळीवरचाही विश्वास उडतो, तुमच्याकडे तेच झालंय. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" पण नको, भाजी ही शिक्षाच वाटते मग. आमच्याकडे थंडीत मुलं मटार सोलायला बसतात, घरी भाजीला तोंड न लावणारीसुद्धा सोलता सोलता दाणे खातात.

नागपूरचा बाबा:
पांढरं आवडतं ना, मग पांढऱ्यापासूनच सुरू करा की! दहीभातात किसलेली काकडी वेगळ्या वाटीत, मग दुधीची खीर, फ्लॉवर, तांदळाचं घावन. तिथून पिवळ्यावर यायचं, मुगाच्या डाळीचं धिरडं, लाल भोपळ्याचे घारगे (गोड असतात त्यामुळे आमच्याकडे लगेच पास झाले). हिरवं सगळ्यात शेवटी. वरणभातावर लिंबू पिळत जा, डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. दाण्याचं कूट द्या, अख्खे दाणे नको, घशात अडकतात. आणि सगळे एकत्र बसून जेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

बालवाडीताई:
एक राहिलं. खाताना सारखा ठसका लागत असेल, प्रत्येक घासाला ओकारी येत असेल, वजन वाढत नसेल किंवा खायच्या पदार्थांची यादी दर महिन्याला लहान होत असेल तर घरी प्रयोग नको, डॉक्टरांना दाखवा.

कोथरूडची आई:
पाच आठवड्यांनी लिहितेय. दूध दोन कपांवर आलंय, मोबाइल बंद केल्यावर पहिला आठवडा फार जड गेला, साबांनीही साथ दिली. काकडी रोज ताटात असायची, रोज परत यायची. काल तिने स्वतः किसणीवर किसली (मी हात धरला होता), चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाली "पाणी पाणी लागतं". दुसऱ्यांदा नाही घेतली. मी काहीच बोलले नाही, पण ओट्याकडे तोंड करून रडले. मुगाचं धिरडं अजून नाही म्हणते, घारगे दोन खाल्ले. ताई, मटार सोलायला या रविवारी बसवतेय.