रविवारची पन्हाळा ट्रिप

कुलकर्णी काकू: सेक्रेटरीसाहेब, प्लॅन वाचला. तबक बाग, झुणका-भाकर आणि परत. एवढंच? मागच्या वेळी पण तीन दरवाजात सेल्फी काढून सगळे जेवायलाच पळाले, सज्जाकोठीला बस थांबली सुद्धा नाही.

सेक्रेटरी: काकू पावसात पायऱ्या निसरड्या असतात हो, ज्येष्ठ मंडळी आहेत. बाकी आपण म्हणाल तसं 🙏

माने काका: बसचे ३०० रुपये शुक्रवारपर्यंत द्यावेत.

सूरज: कायबी बघा भावा, तांबडा पांढरा पायजे 😂

शिंदे वहिनी: *फॉरवर्ड* पन्हाळगडावर देह ठेवणाऱ्या बाजीप्रभूंना मानाचा मुजरा 🚩

पाटील सर: वहिनी, गडावर पुतळा आहे. बाजीप्रभू पडले घोडखिंडीत, विशाळगडाच्या वाटेवर, म्हणून ती पावनखिंड. सिद्दी जौहरचा वेढा मार्च १६६० पासनं, महाराज आषाढ पौर्णिमेच्या रात्री निसटले, आणि महाराजांच्या वेशात पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला तो शिवा काशीद. त्याचं नाव कुठल्या फॉरवर्डात नसतंय.

शिंदे वहिनी: मुजराच केला सर, पेपर नव्हता दिला.

सूरज: वहिनी रॉक्स 🔥

माने काका: ३०० रुपये. शुक्रवार.

देसाई (सी विंग): चार दरवाजा पण दाखवा की पोरांना.

पाटील सर: काय दाखवू? १८४४ ला गडकऱ्यांनी, म्हणजे गडाच्या शिबंदीनं, बंड केलं आणि इंग्रजांनी तो पाडून टाकला.

सूरज: म्हणजे शून्य दरवाजा 😂

कुलकर्णी काकू: चेष्टा पुरे. अंबरखाना बघा निवांत, गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. बाहेरच्या पायऱ्यांनी वर गेलं की छताला भोकं दिसतात, तिथनंच धान्य आत ओतायचे. आत उभं राहून वर बघा, केवढी उंची आहे ती. आणि कवी मोरोपंत १७२९ ला पन्हाळ्यावरच जन्मले, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे?

देसाई (सी विंग): २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आला म्हणून आता सगळ्यांना गड आठवलाय. तिथं नगरपरिषद आहे, तीनेक हजार माणसं राहतात गडावर, आपण प्लास्टिक टाकून येणार आणि झाडू मारणार ती.

सेक्रेटरी: बरोबर आहे. कचऱ्याची पिशवी बसमध्ये ठेवू. नाक्यावरची प्रवासी कराची पावती सोसायटीच्या खात्यातून.

माने काका: पावती सोसायटीची का? सगळे येणार आहेत काय? आधी ३०० रुपये.

शिंदे वहिनी: काका मी सोमवारीच दिलेत, वहीत बघा जरा.

माने काका: वही मिसेसकडं आहे.

सूरज: 🤐

सेक्रेटरी: सकाळी ७ ला गेटवर. सी विंगचा टेम्पो रात्रीच काढावा, बस वळत नाही.

देसाई (सी विंग): परत सी विंगच का?