मदत हवी आहे: जुना युएसबी २ चा खगोल-कॅमेरा नव्या लॅपटॉपवर थिजतो

नमस्कार मंडळी,

खानापुरातून लिहितोय. ग्रह टिपायला आणि गायडिंगला (दुर्बीण ताऱ्यामागे नीट फिरते ना, ते बघत राहायला) माझा एकच कॅमेरा आहे: मोनो (कृष्णधवल), १२८० × ९६०, पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचे, आत एआर०१३० सेन्सर, जोडणी युएसबी २. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना आकड्यांवरून कळेलच. विंडोज ७ च्या जुन्या लॅपटॉपवर तो आजही बिनबोभाट चालतो. पण त्याची बॅटरी मेली आहे, गच्चीवर वायर ओढून बसावं लागतं, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून बेळगावातून नवा घेतला. विंडोज ११, दोन युएसबी ३ आणि एक टाइप-सी.

नव्यावर ड्रायव्हर नीट बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा दिसतो, पिवळं चिन्हसुद्धा नाही. शार्पकॅप या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र येतं, थोडं चालतं आणि थिजतं. गळालेल्या फ्रेम्सचा आकडा तेवढा वाढत राहतो. तसल्याच फायरकॅप्चरमध्ये तेच. गायडिंगचं सॉफ्टवेअर पीएचडी२ तर पहिल्याच एक्स्पोजरची वाट बघत बसतं.

पहिला संशय बँडविड्थचा होता. ८ बिटची पूर्ण फ्रेम १२ लाख २८ हजार ८०० बाइटची. सेकंदाला ३० म्हटल्या तरी ३७ एमबीच्या आसपास. युएसबी २ ची कागदावरची मर्यादा ६० एमबी, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी, म्हणजे मामला काठावरचा. पण ६४० × ४८० वर आणून, वेग उतरवूनही थिजतोच, फक्त जरा उशिरा. तेव्हा दुखणं वेगळं असावं.

कॅमेरा बंद म्हणजे माझं सगळंच अडतं. खानापूरचा अक्षांश सुमारे १५.६ अंश, त्यामुळे ध्रुव तारा क्षितिजावर तेवढाच वर, आणि माझ्या उत्तरेला शेजाऱ्यांच्या माडाच्या झावळ्या. ध्रुव दिसतच नसल्याने पीएचडी२ मध्ये ड्रिफ्ट (तारा किती सरकतो ते) बघून माउंट (दुर्बिणीचा फिरता स्टँड) ध्रुवाच्या दिशेला लावतो, आणि त्याला चालता कॅमेरा हवा. पाऊस सरून आकाश मोकळं व्हायच्या आत हे सुटलं तर बरं. ‘नवा कॅमेरा घ्या’ एवढं सोडून काहीही सुचवा, पैसे सगळे लॅपटॉपात गेलेत.

निपाणीकर: केबल बदलून बघितली का ओ? एक्स्टेन्शन जोडून लांबवली असेल तर आधी ते काढा, युएसबी २ ला ५ मीटरच्या पुढं भरवसा नाही. आणि पॉवर ऑप्शन्समधलं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. नवे लॅपटॉप बॅटरी वाचवायला पोर्टच झोपवतात.

धागाकर्ता: दोन्ही झालं दादा. केबल दीड मीटरची, तीच जुन्या लॅपटॉपला चालते. चार्जर लावून, काढून, टाइप-सी हबमधून, सगळं बघितलं.

रात्रपाळी: थांबा की जरा, आणखी केबल घेऊ नका. कुठलंही लिनक्स पेनड्राइव्हवर घाला आणि नवा लॅपटॉप त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, विंडोजला धक्का लागत नाही. कॅमेरा लावा आणि टर्मिनलमध्ये कर्नलचे संदेश बघा. त्यात ‘मॅक्सपॅकेट’ शब्द दिसतो का, तेवढं सांगा.

धागाकर्ता: आहे! ‘बल्क एंडपॉइंट ०एक्स८२ हॅज इनव्हॅलिड मॅक्सपॅकेट १०२४’.

रात्रपाळी: मग सापडलं. युएसबी २ च्या हायस्पीड जोडणीत बल्क पॅकेट, म्हणजे डेटाचं एकेक गाठोडं, ५१२ बाइटचं असावं लागतं. १०२४ हे युएसबी ३ चं माप. तुमच्या कॅमेऱ्याचं जुनं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) संगणकाला १०२४ च सांगतं. जुन्या लॅपटॉपातला पोर्ट सांभाळणारा ईएचसीआय कंट्रोलर ओळखीच्या कंडक्टरसारखा, जास्तीचं गाठोडं चालवून घ्यायचा. नव्यात सगळे पोर्ट एक्सएचसीआय या नव्या, काटेकोर कंट्रोलरकडे, पोर्ट काळा असो की निळा. म्हणून पोर्ट बदलून काही होत नाही, आणि ड्रायव्हर दहा वेळा बसवलात तरीही नाही.

या कॅमेऱ्यासाठी निर्मात्याचंच ५१२ चं ‘कंपॅटिबल’ फर्मवेअर आहे. ते जुन्या लॅपटॉपवरून टाका, कारण तिथं कॅमेरा नीट बोलतो. लाइटचा भरवसा नाही म्हणता, तर लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवा. फर्मवेअर चढताना वीज गेली तर कॅमेरा कायमचा मुका होऊ शकतो. मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. याच सेन्सरचं युएसबी ३ वालं भावंड आहे, त्याला हे लागत नाही, चुकूनही घालू नका. फ्रेमचा वेग थोडा उतरेल, तेवढं धरून चाला.

धागाकर्ता: झालं! इन्व्हर्टरवर ठेवून फर्मवेअर टाकलं, कॅमेरा काढून परत लावला आणि नव्या लॅपटॉपवर पूर्ण फ्रेम सुरू. आकाशात ढग, म्हणून दुर्बीण समोरच्या मोबाइल टॉवरवर रोखून तासभर चालू ठेवली. टॉवरवरचा कावळा उडून परत आला तेही रेकॉर्ड झालं, एक फ्रेम गळाली नाही. वेग जुन्यापेक्षा थोडा कमी आहे खरा, पण ग्रहाला छोटी चौकट लावली की काही वाटत नाही. पीएचडी२ लासुद्धा एक्स्पोजर मिळू लागलंय. फार आभार ओ.

निपाणीकर: माझ्याकडे हाच कॅमेरा आहे की! विंडोज १० वर अजून तरी थिजलेला नाही. मीही फर्मवेअर बदलून घेऊ काय?

रात्रपाळी: चालतंय तर हात लावू नका. फाइल तेवढी उतरवून ठेवा, लॅपटॉप बदलाल तेव्हा लागेल.